मतपत्रिकेच्या तळाकडची पदे : अमेरिकेतील राज्य निवडणुकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची कन्या सिअ‍ॅटलला राहते आणि आता तेथील नागरिक आहे. तिला घरपोच येणाऱ्या मतपत्रिकेवर गव्हर्नरच्या खाली विमा आयुक्त, सार्वजनिक जमिनींचे आयुक्त, लेखापरीक्षक अशी पदेही असतात, असे तिने सांगितले. पुण्यात शिक्षण आयुक्त, साखर आयुक्त, जमाबंदी आयुक्त यांची कार्यालये आम्ही आयुष्यभर पाहत आलो. त्या खुर्चीवर कोण बसावे हे आम्हाला कधी कोणी विचारले नाही. ही पदे मतदानाने भरण्यामागे विचार तरी काय आहे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या कन्येच्या वॉशिंग्टन राज्यात अशी नऊ कार्यकारी पदे संपूर्ण राज्याच्या मतदानाने भरली जातात. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यात निवडणुका घेणारा अधिकारी), खजिनदार, लेखापरीक्षक, अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा प्रमुख विधी अधिकारी), शालेय शिक्षण अधीक्षक, सार्वजनिक जमिनींचे आयुक्त आणि विमा आयुक्त ही ती पदे होत. यांतील शिक्षण अधीक्षकाची निवडणूक पक्षचिन्हाविना होते. बाकीचे उमेदवार आपला पक्ष सांगून उभे राहतात.

यामागचा विचार समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत अनेक राज्यांमध्ये खजिनदार किंवा सचिव यांची निवड विधिमंडळच करीत असे. पुढे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात सत्तेची पदे सामान्य माणसाच्या मताने भरली पाहिजेत, ही भावना बळावली. मिसिसिपी राज्याने १८३२च्या संविधानात न्यायाधीशांसह बहुतेक पदे निवडणुकीने भरण्याचे ठरवले. त्यानंतर १८३७ची आर्थिक मंदी आली. कालवे आणि लोहमार्ग यांसाठी काढलेली कर्जे कित्येक राज्यांना फेडता आली नाहीत, आणि ज्या विधिमंडळांनी ही कर्जे मंजूर केली त्यांच्याच हातून हिशेबनीस व खजिनदार नेमले जावेत हे लोकांना पटेनासे झाले. न्यूयॉर्कच्या १८४६च्या संविधानाने ही पदे थेट मतदारांकडे सोपवली, आणि त्यानंतर संघराज्यात आलेल्या बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. वॉशिंग्टन १८८९मध्ये राज्य झाले आणि सार्वजनिक जमिनींच्या आयुक्ताचे पद तेव्हापासून तेथे निवडणुकीने भरले जाते. राज्याच्या मालकीची वनजमीन, तिच्यावरील लाकडाची विक्री, त्या उत्पन्नातून शाळांच्या इमारतींसाठी मिळणारा पैसा आणि वणवे विझवणारी राज्याची सर्वांत मोठी यंत्रणा हे सर्व या एका आयुक्ताच्या अखत्यारीत येते.

मात्र ही पद्धत सर्व राज्यांत एकसारखी नाही. अ‍ॅटर्नी जनरल हे पद ४३ राज्यांत मतदानाने भरले जाते, सेक्रेटरी ऑफ स्टेट ३५ राज्यांत, कृषी आयुक्त १२ राज्यांत आणि विमा आयुक्त ११ राज्यांत. नॉर्थ कॅरोलिनात गव्हर्नरसह दहा पदांसाठी राज्यभर मतदान होते, तर मेन आणि न्यू हॅम्पशायर येथे केवळ गव्हर्नरची निवड होते. अ‍ॅरिझोना १९१२मध्ये राज्य झाले तेव्हा तांब्याच्या खाणींतील कामगारांची सुरक्षितता हा तेथे जिवाचा प्रश्न होता. त्यामुळे खाण निरीक्षक हे पदही निवडणुकीने भरण्याचे ठरले, आणि आजही असा निरीक्षक निवडून देणारे ते एकमेव राज्य आहे.

या लांबलचक मतपत्रिकेला अमेरिकेतच विरोध झाला, हेही सांगितले पाहिजे. मतदाराला ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशी पदे त्याच्यापुढे ठेवली की प्रत्यक्ष निवड पक्षाचे मुकादम करतात, असा आक्षेप घेऊन १९०९च्या सुमारास आखूड मतपत्रिकेसाठी चळवळ उभी राहिली आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन तिच्या पुढाऱ्यांपैकी होते. त्या विचाराचा परिणाम हळूहळू होत आला आहे. टेक्सासने १९९६मध्ये खजिनदाराचे पद रद्द केले. फ्लोरिडात २०००च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वादग्रस्त मोजणीमुळे जगभर नाव झालेल्या कॅथरीन हॅरिस या तेथील मतदारांनी निवडलेल्या शेवटच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट ठरल्या, कारण मतदारांनी १९९८मध्येच मंजूर केलेल्या दुरुस्तीनुसार २००३पासून ते पद गव्हर्नरच्या नेमणुकीचे झाले.

मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे, पण पूर्ण मान्य नाही. सरकारचे काम करणारे पद आणि सरकारवर नजर ठेवणारे पद यांत फरक केला पाहिजे. शाळा चालवणारा किंवा शेतीखाते सांभाळणारा अधिकारी गव्हर्नरने नेमला तर बिघडत नाही, उलट जबाबदारी एका ठिकाणी राहते. परंतु ज्याने हिशेब तपासायचे, निवडणूक घ्यायची किंवा कायद्याचा सल्ला द्यायचा, तो ज्याचे काम तपासायचे त्याच्याच मर्जीवर नसावा. अर्थात निवडून आलेला तपासनीस प्रामाणिकच असतो असे नाही. इलिनॉय राज्याचे निर्वाचित ऑडिटर ऑरविल हॉज यांनीच सरकारी तिजोरीतील लाखो डॉलर लाटल्याचे १९५६मध्ये उघडकीस आले. त्यानंतर १९७०च्या संविधानाने त्या पदाचे स्वरूप बदलून धनादेश काढणे आणि हिशेब तपासणे ही कामे वेगवेगळ्या हातांत दिली.

प्रश्न : गव्हर्नर एका पक्षाचा आणि अ‍ॅटर्नी जनरल दुसऱ्या पक्षाचा, असे झाल्यास कारभार चालतो कसा? न पटणाऱ्या अधिकाऱ्याला गव्हर्नर दूर करू शकतो का?
— एक निवृत्त शासकीय कर्मचारी, औंध

उत्तर : सर्वसाधारणपणे करू शकत नाही. मतदारांनी निवडलेल्या अधिकाऱ्याला हटवण्याचा नेहमीचा मार्ग विधिमंडळातून जातो : खालच्या सभागृहाने महाभियोग चालवण्याचे ठरवायचे आणि सिनेटने निकाल द्यायचा. टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्यावर मे २०२३मध्ये असा महाभियोग आणला गेला, ते निलंबित राहिले आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. गव्हर्नर आणि ते एकाच पक्षाचे असूनही हा निर्णय गव्हर्नरच्या हाती नव्हता.

या स्वायत्ततेचे मोल कधीकधी फार मोठे असते. २ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून आपल्याला ११,७८० मते शोधून द्यावीत, अशी मागणी केली. ते संभाषण नंतर प्रसिद्ध झाले. रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे होते, पण २०१८मध्ये ते मतदारांनी निवडून दिलेले होते. त्यांना नेमणारा कोणी नव्हता आणि म्हणून हुकूम देऊन पदावरून काढणाराही कोणी नव्हता. त्यांनी मोजणीत बदल केला नाही. तंबाखू कंपन्यांविरुद्धचा लढाही मिसिसिपीचे निर्वाचित अ‍ॅटर्नी जनरल माइक मूर यांनी १९९४मध्ये, गव्हर्नरचा विरोध असताना, सुरू केला आणि १९९८मध्ये ४६ राज्यांच्या सामायिक समझोत्यापर्यंत तो गेला.

आपल्या संविधानात अनुच्छेद १६५नुसार महाधिवक्त्याची, म्हणजे राज्याच्या प्रमुख विधी अधिकाऱ्याची, नेमणूक राज्यपाल करतात व त्यांची मर्जी असेपर्यंतच ते पदावर राहतात. व्यवहारात ही मर्जी मंत्रिमंडळाची असते. लेखापरीक्षणाच्या बाबतीत मात्र आपल्या घटनाकारांनी वेगळी काळजी घेतली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांप्रमाणेच संसदेच्या कार्यवाहीशिवाय दूर करता येत नाही, आणि राज्याच्या हिशेबांची तपासणी त्यांच्याच यंत्रणेकडे आहे. निवडणूक न घेताही स्वायत्तता देता येते, हे त्यातून दिसते.

तथापि अमेरिकेतील विधिमंडळे निर्वाचित अधिकाऱ्याला न हटवताही त्याचे अधिकार काढून घेऊ शकतात. जॉर्जियाच्या विधिमंडळाने २०२१मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटला राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. नॉर्थ कॅरोलिनात निवडणूक मंडळावरील सदस्य नेमण्याचा गव्हर्नरचा अधिकार २०२४च्या अखेरीस केलेल्या कायद्याने राज्याच्या लेखापरीक्षकाला देण्यात आला आणि मे २०२५मध्ये तो अमलात आला. गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते आणि नवा लेखापरीक्षकही त्याच पक्षाचा होता. नोव्हेंबर २०२४मध्ये ज्या मतदारांनी या पदासाठी मत दिले, त्यांना आपण निवडणुका चालवणाऱ्या मंडळाचा नेमणूकदार निवडत आहोत याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते. मला हे मतदारांशी केलेले वर्तन अन्यायाचे वाटते.

प्रश्न : विजेचे दर ठरवणारे आयुक्तही काही राज्यांत लोक निवडून देतात, असे वाचले. दरनिश्चितीसारखे गुंतागुंतीचे काम मतपेटीवर सोडणे शहाणपणाचे आहे का?
— वीज मंडळातून निवृत्त झालेले एक अभियंते, सहकारनगर

उत्तर : जॉर्जिया, अ‍ॅरिझोना, अलाबामा, लुइझियाना यांसह सुमारे दहा राज्यांत असे आयुक्त निवडणुकीने येतात. जॉर्जियाचे उदाहरण ताजे आहे. तेथील पाच सदस्यांच्या आयोगाच्या निवडणुका मतदान हक्काविषयीच्या एका दाव्यामुळे काही वर्षे रखडल्या होत्या. त्या अवधीत वीजबिले वाढत गेली. व्होगल अणुवीज केंद्रातील दोन नव्या संचांचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक होऊन ३० अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि त्याचा मोठा भाग ग्राहकांच्या बिलात आला. नोव्हेंबर २०२५मध्ये दोन जागांसाठी मतदान झाले तेव्हा दोन्ही जागा डेमोक्रॅटिक उमेदवारांनी मोठ्या फरकाने जिंकल्या. राज्य सरकारातील राज्यव्यापी पद त्या पक्षाला २००६नंतर प्रथमच मिळाले.

याच्या उलट टेक्सास. तेथे १८९१मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे आयोगाचे तीन सदस्य सहा वर्षांसाठी निवडून येतात. रेल्वेशी या आयोगाचा संबंध २००५मध्ये पूर्णपणे संपला. त्याचे खरे काम तेल व नैसर्गिक वायू उद्योगाचे नियमन हे आहे, पण मतपत्रिकेवर नाव अजून तेच छापले जाते. मतदाराला कामाचा पत्ता नाही, आणि प्रचाराला पैसा लागतो तो बऱ्याच अंशी त्याच उद्योगातून येतो. अशा स्थितीत निवडणूक झाली एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे अध्यक्ष व सदस्य, आपणांस ठाऊक आहेच, विद्युत अधिनियम २००३मधील तरतुदीनुसार निवड समितीच्या शिफारशीवरून नेमले जातात. त्यांची मुदत पाच वर्षांची असते, त्याच पदावर फेरनियुक्ती मिळत नाही आणि पासष्टीनंतर पदावर राहता येत नाही. दराच्या प्रस्तावावर हरकती मागवणे आणि जाहीर सुनावणी घेणे हा या पद्धतीचा कणा आहे. महावितरणच्या प्रस्तावांवर पुण्यात झालेल्या सुनावण्यांमध्ये ग्राहक संघटना, उद्योजक आणि प्रयास ऊर्जा गटासारखे येथील अभ्यासक आकडेवारी घेऊन उभे राहिलेले आहेत. दरनिश्चितीसाठी मी आपल्याच पद्धतीच्या बाजूने आहे, कारण हरकत घेणाऱ्याला आदेशात कारणासह उत्तर मिळण्याची सोय तिच्यात आहे. मात्र सुनावणीत हरकत नोंदवूनही दर वाढलेच, तर नाराज ग्राहकाकडे पुढे अपिलाखेरीज काही उरत नाही. जॉर्जियाच्या ग्राहकाकडे मत होते आणि त्याने ते वापरले. हा फरक लहान नाही.

प्रश्न : मग महाराष्ट्रातही कृषी आयुक्त किंवा शिक्षण आयुक्त निवडून का देऊ नयेत?
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना

उत्तर : आपली व्यवस्था संसदीय आहे. अनुच्छेद १६४नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. आयुक्ताने चूक केली तर विधानसभेत उत्तर मंत्र्याने द्यायचे असते. आयुक्ताला स्वतःचा जनादेश मिळाला तर मंत्री हात वर करतील आणि जबाबदारी कोणाचीच राहणार नाही. गावपातळीवर आपण याचा अनुभव घेतच आहोत. सरपंचाची थेट निवड २०१७मध्ये आली, २०२०मध्ये रद्द झाली आणि २०२२मध्ये पुन्हा आली. थेट निवडलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, असे झाले की ठराव अडतात. आयुक्तांच्या बाबतीत मागणी करायचीच असेल तर मुदतीपूर्वी बदली न होण्याच्या हमीची करावी, असे मला वाटते.

प्रश्न : माझा मुलगा वॉशिंग्टन राज्यातच आहे. ज्या पदांची माहिती नाही ती तो कोरी सोडतो. त्यामुळे त्याची मतपत्रिका बाद होते का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : होत नाही. कोरे सोडलेले पद तेवढे मोजले जात नाही, बाकीची मते ग्राह्य धरली जातात. आपल्याकडे महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जागेसाठी बटण दाबणे, निदान नोटाचे, अपेक्षित असते. तेथे तशी अपेक्षा नाही.

तरीही त्यांनी ती पदे कोरी सोडू नयेत, असे मी आग्रहाने सुचवीन. ऑगस्ट २०२४मध्ये त्याच राज्यात सार्वजनिक जमिनींच्या आयुक्तपदाची प्राथमिक फेरी झाली. तेथील नियमानुसार पहिले दोन उमेदवारच, पक्ष कोणताही असो, नोव्हेंबरच्या मतदानास पात्र ठरतात. सुमारे १९ लाख मते पडली आणि फेरमोजणीनंतर दुसऱ्या व तिसऱ्या उमेदवारांत अवघ्या ४९ मतांचे अंतर राहिले. दुसऱ्या क्रमांकावर आलेले डेव्ह अपथग्रोव्ह पुढे नोव्हेंबरमध्ये निवडून आले आणि आज ते आयुक्त आहेत. माहिती मिळवणे तेथे अवघड नाही : सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी राज्याकडून घरोघरी मतदार पुस्तिका येते, तिच्यात प्रत्येक उमेदवाराचे निवेदन छापलेले असते आणि मतदान टपालाने असल्यामुळे पुस्तिका व मतपत्रिका शेजारी ठेवून सवडीने वाचता येते. चिरंजीवांनी सुरुवात लेखापरीक्षक आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट या दोन पदांपासून करावी.