झाडाच्या वलयांतला कार्बन डायऑक्साइड मोजताय? आधी लाकूड सांभाळा

खोडाच्या वार्षिक वलयांतून नमुने कापायचे, निर्वातात त्यांतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड लेझरने मोजायचा, असा तुमचा बेत. त्यासाठी लेझर कोणता घ्यावा, हा तुमचा पहिला प्रश्न. तो जरा मागे ठेवा. मापनं बहुधा लाकडापाशीच बिघडतात.

आधी एक गैरसमज काढून टाका. वलयात अडकलेला वायू म्हणजे त्या वर्षीची हवा नव्हे! बर्फातल्या बुडबुड्यांत जुनी हवा जशी बंदिस्त राहते, ते गणित इथे चालत नाही. हा वायू मुख्यतः झाडातल्या जिवंत पेशींच्या श्वसनातून येतो. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के, तर जिवंत खोडात कधी १० टक्क्यांच्याही वर. शिवाय तो एका वलयातून दुसऱ्यात झिरपतो. सेल्युलोजमधला, म्हणजे खुद्द लाकडाच्या तंतूंमधला कार्बन ही आणखी वेगळी गोष्ट.

सुरुवातीला एवढं पुरे:

- वलयांची वर्षं आधी पक्की करा, मगच नमुने कापा. खोटी वलयं, म्हणजे एकाच वर्षात उमटलेली जादा वलयं, भल्याभल्यांना फसवतात.
- नमुन्याचं वजन, तापमान, निर्वातात ठेवण्याचा वेळ, सगळं सारखं ठेवा.
- वायू मोजायच्या कक्षाचं, तो रिकामा असताना, मापन रोज घ्या. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.
- पाण्याची वाफही लेझरचा प्रकाश शोषते. एकाच तरंगलांबीवर विसंबू नका.

समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) वाटेला सध्या जाऊ नका. खोडाच्या एकाच आडव्या चकतीवर, मध्यापासून सालीकडे, दोन दिशांनी मोजा. दोन्हींकडचे वर्षागणिक चढउतार जुळले की दुसरं झाड घ्या.