दीड सेंटिमीटर कमी

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान झाली असून रोज पहाटे मानकापूरच्या क्रीडा संकुलात पोलीस भरतीसाठी धावते. आठशे मीटरमध्ये तिच्याबरोबरची मुलेही मागे पडतात. उंची मात्र 153.5 सेंटिमीटरच भरते. एवढ्यासाठी तिला परत पाठवतील का? सीताबर्डीतल्या एका मोठ्या दुकानाने तर ‘लेडीज गार्ड फक्त पर्स तपासायला हवी’ असे सांगून रात्रपाळी नाकारली. — एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : होय, परत पाठवतील. राज्यात शिपाई पदासाठी महिलांना किमान 155 आणि पुरुषांना 165 सेंटिमीटर उंची लागते, आणि मोजमापात बसल्याशिवाय धावायला सोडत नाहीत. दिवसभराच्या भाराने मणक्यांमधल्या चकत्या दबतात, म्हणून सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच भरतो हे खरे; पण मोजणी अनवाणी होते आणि अंबाडाही सोडायला लावतात, तेव्हा त्या आशेवर वर्षे घालवू नयेत. (उंची वाढवण्याच्या पावडरी विकणाऱ्यांकडे तर फिरकूही नये.) फौजदारकीसाठी अट आणखी चढते, 157.

ताकद हवी तर ताकदच मोजावी, हा तुमच्या मनातला आक्षेप नवा नाही. अलाबामातील तुरुंगरक्षकांसाठीची सुमारे 157 सेंटिमीटर उंचीची आणि 54 किलो वजनाची अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये याच मुद्द्यावर रद्द केली, कारण तिच्यामुळे सुमारे 41 टक्के स्त्रिया बाद होत आणि पुरुष मात्र एक टक्काही नाही. गंमत अशी, की पुरुषांच्या कडेकोट तुरुंगांत कैद्यांशी थेट संबंध येणाऱ्या जागा स्त्रियांना नाकारणे त्याच निकालाने ग्राह्य धरले.

दुकानाचे उत्तर मला अधिक खटकले. स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 49 सांगते. त्यातून स्त्रीने झडतीच घ्यावी, दुसरे काही करू नये, असा अर्थ काढणे हा मालकांचा शोध आहे. हा कायदा लागू असलेल्या आस्थापनेत स्त्रीच्या संमतीने आणि संरक्षणाची व वाहनाची सोय करून रात्री साडेनऊनंतरही तिला काम देता येते, असे राज्याचा 2017 चा दुकाने कायदाच सांगतो. खासगी सुरक्षारक्षकांसाठीच्या केंद्रीय नमुना नियमांतही महिलांची उंची 150 सेंटिमीटरच धरली आहे, म्हणजे त्या बाजूने तिची अडचण नाही.

तरी माझे मत विचाराल, तर तिने वनरक्षकाच्या परीक्षेकडे पाहावे. तिथे महिलांना 150 सेंटिमीटर पुरतात, बारावी विज्ञान चालते, आणि त्या खात्याचे मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे. होमगार्डलाही उंची तेवढीच लागते, पण ती मानसेवी सेवा आहे, पगाराची नोकरी नव्हे. वनरक्षकासाठी मात्र मुलींना 3 किलोमीटर धावावे लागते. आठशे मीटरच्या वेगाने सुरुवात केली तर दुसऱ्या किलोमीटरलाच दम लागेल, म्हणून सराव आतापासूनच बदलायला सांगा.