आरएक्स-७ चं ॲव्हरेज: १६ चा आकडा सोड, इंजेक्टर ड्यूटी बघ

भावा, प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे तुझी माझदाची एफडी (तिसऱ्या पिढीची) आरएक्स-७, १३बी ट्विन टर्बो रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर), इंजेक्टर कंपनीचेच, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्टँडअलोन, म्हणजे बाहेरून बसवलेला आणि हवा तसा सेट करता येणारा, वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) बसवलेला. ॲव्हरेज लिटरला साडेपाच किमी. आयडलला मीटर १५.५ एएफआर (पेट्रोलच्या किती पट हवा; आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी, लीन, छोटा म्हणजे पेट्रोल जास्त, रिच) दाखवतो आणि इंजिन थरथरतं, क्रूझला (एकाच वेगात चालवताना) १४, बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून आत भरतो तेव्हा) १०.९. आता तुला क्रूझ १६ वर नेऊन नऊचं ॲव्हरेज काढायचंय, आणि मित्राची पिस्टनवाली टर्बो गाडी ११.८ वर मजेत पळते म्हणून बूस्टमधलं पेट्रोलही कापायचंय.

दुसरं तर अजिबात करू नकोस, का ते खाली लिहितो. पहिल्याचं आधी गणित करू. १४ वरून १६ वर गेलास आणि बाकी काहीच बदललं नाही असं धरलं तरी साडेपाचचे होतील सव्वासहा. नऊ हवे असतील तर मिक्श्चर २३ ला न्यावं लागेल, तिथे हे इंजिन पेटणारही नाही. म्हणजे तुझं पेट्रोल भलतीकडेच जातंय, मिक्श्चरच्या आकड्यात नाही.

आणि १३०८ सीसी म्हणून पिस्टनच्या तेराशेशी तुलना करत बसू नकोस. ६५४ सीसीचे दोन रोटर, शाफ्टच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक रोटरची एक बाजू पेटते, म्हणजे हवा ओढण्याच्या हिशोबात हे २.६ लिटरचं फोरस्ट्रोक इंजिन झालं. वर चेंबर लांबट, चपटं आणि सतत सरकणारं, भिंतींचा पृष्ठभाग खूप, त्यामुळे उष्णता भिंती खातात आणि कोपऱ्यातलं मिक्श्चर न जळताच बाहेर पडतं. अमेरिकेतल्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या आकड्यांत २००९ ची मॅन्युअल आरएक्स-८ शहरात १६ आणि हायवेला २२ मैल प्रति गॅलन होती, म्हणजे लिटरला साधारण ६.८ आणि ९.४ किमी, आणि त्या गाडीला टर्बोसुद्धा नाही. तेव्हा नऊ मिळतील, पण मोकळ्या रस्त्यावर आणि उजवा पाय शांत ठेवलास तरच.

आता मुख्य मुद्दा, आयडलचे १५.५. ते बहुधा खरं लीन नाहीये. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून अंदाज बांधतो. तुझ्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाउसिंगच्या परिघावर आहेत, इनटेक उघडतो तेव्हा एक्झॉस्ट अजून पुरता बंद झालेला नसतो, त्यामुळे आयडलच्या जोरदार व्हॅक्यूममध्ये जळका वायू परत आत ओढला जातो. असं भेसळ झालेलं मिक्श्चर दरवेळी पेट घेत नाही, आणि जे पेटलं नाही त्याचा सगळा ऑक्सिजन जसाच्या तसा सेन्सरवर येतो. मग मीटर म्हणतो लीन, आणि सायलेन्सरमागे उभं राहिलं तर कच्च्या पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात. दोन्ही एकाच वेळी! सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट कुठे लीक असेल किंवा एअर पंप अजून जोडलेला असेल तरी असंच फसवं लीन दिसतं, ते आधी तपास.

मी स्वतः यात फसलोय. माझी एफसी (दुसऱ्या पिढीची आरएक्स-७) आयडलला १५.८ दाखवायची, मी पेट्रोल वाढवत गेलो, मीटर जागचा हलेना, मी अजून वाढवलं. दोन दिवसांनी प्लग काढले तर चारही काळेकुट्ट, ओले. ट्रेलिंग प्लगची (प्रत्येक रोटरला दोन प्लग, एक लीडिंग, दुसरा ट्रेलिंग) एक वायर आतून तुटली होती. गंमत म्हणजे ट्रेलिंग मेला तरी रोटरी चालत राहते, थोडी मरगळते इतकंच, त्यामुळे महिनोन्महिने पत्ता लागत नाही आणि तोवर ॲव्हरेज जातं आणि एक्झॉस्ट तापत राहतो.

खरं लीन की मिसफायर हे ओळखायची युक्ती सोपी आहे. ईसीयूच्या मॅपमधल्या (आरपीएम आणि प्रेशरनुसार पेट्रोल ठरवणाऱ्या कोष्टकातल्या) त्या सेलमध्ये ३ टक्के पेट्रोल वाढव. आकडा तेवढ्याच प्रमाणात खाली आला आणि इंजिन गुळगुळीत झालं तर लीन होतं. आकडा नाचायला लागला किंवा उलट वर गेला तर इग्निशन बघ, कॉम्प्रेशन बघ (रोटरीचा टेस्टर वेगळा असतो, तिन्ही बाजूंचा आकडा वेगवेगळा दाखवणारा, साध्या गेजला फक्त सगळ्यात मोठा आकडा कळतो). आयडलला १३ ते १३.५ आणि शांत चालणं, हे परिघावरच्या पोर्टला ठीक आहे. तिथे १४.७ चा (हवा आणि पेट्रोल दोन्ही नेमकं पुरण्याच्या प्रमाणाचा) हट्ट धरू नकोस.

अजून एक, थर्मोस्टॅट. रोटरी तापेल या भीतीने बरेच जण तो काढूनच टाकतात, मग पाणी ६०-६५ अंशांच्या वर जात नाही आणि ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो वॉर्मअपचं जादा पेट्रोल टाकत बसतो. लॉगमध्ये पाण्याचं तापमान आणि वॉर्मअप करेक्शन शेजारी शेजारी लावून बघ. गाडी पुरती गरम झाल्यावर करेक्शन शून्य हवं.

हे सगळं निस्तरलं की मग क्रूझ. इथे एएफआरच्या मीटरवर कापड टाक आणि इंजेक्टर ड्यूटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो) बघ. सपाट रस्ता, एकच वेग, टॉप गिअर, क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने आपोआप पेट्रोल बदलणं) बंद, जाऊन-येऊन दोन्ही दिशांना. क्रूझला फक्त मिनिटाला ५५० सीसीचे प्रायमरी इंजेक्टरच चालू असतात, त्यामुळे त्यांची ड्यूटी म्हणजे जवळजवळ थेट पेट्रोलचा मीटरच. लीन करत जाशील तसा जोर कमी होतो, तू नकळत ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबतोस, आणि एका टप्प्यानंतर एएफआर छान दिसतो पण ड्यूटी खाली यायची थांबते. माझ्या गाडीत तो टप्पा १५.२ च्या आसपास आला. १६ ला ड्यूटी परत चढली आणि गाडी हलके हलके मागेपुढे डुलायला लागली, जणू कोणीतरी मागून दोरी ओढून सोडतंय. तुझा आकडा वेगळा येईल.

आणि लीन करताना टायमिंगला हात लावला नाहीस तर अर्धा फायदा गेलाच. लीन मिक्श्चर सावकाश जळतं, त्याला ठिणगी लवकर लागते. क्रूझच्या सेलमध्ये लीडिंगचं टायमिंग दोन-दोन अंशांनी वाढव, ट्रेलिंगचंही त्याच्या जवळ आण, दरवेळी ड्यूटी लिहून ठेव, ती कमी व्हायची थांबली की दोन अंश मागे ये. मला तरी मिक्श्चरपेक्षा टायमिंगनेच जास्त दिलं. पण हे फक्त खोल व्हॅक्यूमच्या सेलमध्ये, बूस्टच्या अलीकडच्या दोन-तीन ओळींना हात लावायचा नाही, तिथून मिक्श्चर रिच व्हायला सुरुवात झालेली असली पाहिजे, नाहीतर पाय दाबल्याच्या क्षणी इंजिन लीनमध्येच बूस्ट खातं.

बूस्टमधले १०.९ तसेच राहू दे. तिथलं जादा पेट्रोल जळण्यासाठी नसतं, चेंबर थंड ठेवण्यासाठी असतं. पिस्टन थोडंफार डेटोनेशन (मिक्श्चरचा अवेळी स्फोट) पचवतो, एपेक्स सीलचा (रोटरच्या टोकावरच्या पट्टीचा) मात्र एका दणक्यात तुकडा उडतो, आणि तो बाहेर जाताना हाउसिंग खरवडतो, टर्बाइनची पातीही मोडतो. वाचवायचंच असेल तर बूस्टमध्ये कमी जा. ५५० चे दोन आणि ८५० चे दोन मिळून मिनिटाला २८०० सीसी, सरासरी ६० टक्के ड्यूटी धरली तरी दहा सेकंदांच्या एका खेचेत २८० मिली गेलं, म्हणजे तुझ्या आजच्या ॲव्हरेजने दीड किलोमीटरचं पेट्रोल. दिवसातून दहा वेळा मजा केलीस तर हिशोब तूच कर.

खाली कॉमेंटमध्ये एका आरएक्स-८ वाल्याने हेच त्याच्या गाडीला चालेल का असं विचारलंय, त्याला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. रेनेसिसचे (आरएक्स-८ च्या इंजिनाचे) एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये, ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे असणं) नाही, आयडल व्यवस्थित १४.७ ला चालतं. तिथे मॅपला हात लावण्याआधी कॉइल्स बदल, एअरफ्लो सेन्सर साफ कर आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने शिकून ठेवलेली पेट्रोलची दुरुस्ती) बघ.

तू आधी ट्रेलिंगच्या वायरी, लीक आणि थर्मोस्टॅट बघ, मग वीस मिनिटांच्या क्रूझचा लॉग टाक, त्यात आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, प्रायमरी ड्यूटी, पाण्याचं तापमान आणि दोन्ही टायमिंग हवेत. एएफआर नसला तरी चालेल.