घरी बूस्ट कंट्रोलर बनवतोयस? आधी एवढं कर

आर्डुइनो (कोड भरता येतो असा छोटा बोर्ड) आणलास हे बरं केलंस, पण कोडची घाई नको. आधी नळ्यांचं काम समजून घे. बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जास्तीचा दाब. वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देऊन तो दाब आवरणारी झडप. वेस्टगेटच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कुठलाच कंट्रोलर देऊ शकत नाही. स्प्रिंग ०.५ बारची असेल तर खालची मर्यादा तीच. आपण फक्त ॲक्च्युएटरकडे (दाबाने वेस्टगेट उघडणाऱ्या डबीकडे) जाणारा दाब सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या झडपेने) थोडा थोडा सोडून देतो, म्हणजे वेस्टगेट उशिरा उघडतं.

म्हणून तीन तोंडांचा सोलेनॉइड असा जोड, की वीज गेली तर पूर्ण दाब ॲक्च्युएटरला मिळेल. तार तुटली तर बूस्ट कमीच व्हायला हवा. गाडी सुरू करण्याआधी टर्बोकडच्या नळीतून तोंडाने फुंकून बघ, हवा ॲक्च्युएटरच्या तोंडातून आली पाहिजे. हसू नकोस, मी एकदा उलटा जोडला होता. गेजचा काटा बघून पाय थरथरला.

नवशिके हमखास इथे चुकतात:

- सोलेनॉइड थेट पिनवर जोडतात. मध्ये मॉसफेट (जास्त करंट पेलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हवा, कॉइलला उलटा डायोड हवा.
- पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करणं) आर्डुइनोच्या ४९० हर्ट्झवर तसाच ठेवतात. या सोलेनॉइडला साधारण ३० हर्ट्झ पुरतात.
- बॅटरीची तार सरळ बोर्डाला. चालू गाडीत १४ व्होल्ट असतात, वर झटके वेगळेच.

पीआयडी (दाब बघून आपोआप सुधारणा करणारं गणित) आत्ता विसर. ड्यूटी (सोलेनॉइड किती टक्के वेळ चालू) ठरावीक ठेव, कमीपासून सुरू कर, आणि मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) ठरलेला दाब दाखवला की सोलेनॉइड बंद करणारी एक ओळ लिही. वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) बसवला नसशील तर बूस्ट वाढवूच नकोस.