कथेतलं दुःख लिहिताना

तुझी कथा वाचली. आई गेल्यानंतरच्या पानावर ‘अतीव दुःख’, ‘काळीज पिळवटलं’ पुन्हा पुन्हा येतं आणि वाचणारा कोरडाच राहतो. भरतमुनीच्या नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथातलं रससूत्र एकदा नीट बघ: विभाव (भावनेचं कारण), अनुभाव (तिची बाहेर दिसणारी खूण) आणि व्यभिचारी भाव (येऊन जाणारे भाव) यांच्या संयोगातून रस, म्हणजे भावनेचा आस्वाद, निर्माण होतो. गंमत म्हणजे स्थायीभावाचा, म्हणजे शोकासारख्या मूळ टिकून राहणाऱ्या भावाचा, त्यात उल्लेखच नाही! तेव्हा शोकाचं नाव घेऊ नकोस. त्याचं कारण दाखव, अंगावर उमटलेली खूण दाखव आणि मधेच येऊन जाणारे भाव दाखव. हे शेवटचं नवे लेखक हमखास विसरतात. भरताने असे 33 भाव सांगितलेत; त्यात चिंता आहे, तशी झोप आणि आळसही आहे. तेराव्याच्या खर्चाचा हिशोब करताना मुलाला आलेली जांभई, आचाऱ्यावर उगाच काढलेला राग, यांनी शोक खरा वाटेल.

रडणं पूर्ण गाळ, असं नाही. अश्रू आठ सात्त्विक भावांपैकी (शरीरावर आपोआप उमटणाऱ्या भावांपैकी) एक आहेतच. पण स्वरभेद, म्हणजे आवाज बदलणं, हाही त्याच यादीत आहे (बिचारा कुणी वापरत नाही). फोनवर मामाला कळवताना नेमका कुठल्या शब्दाला आवाज अडकतो, ते लिही. आणि ‘काळ हेच औषध’ हे शेवटचं वाक्य काढून टाक.