जहाज पाण्यात का बसत नाही?

प्रश्न : एरिक रॅव्हिलियस या ब्रिटिश युद्धचित्रकाराची १९४० मधली आर्क्टिक समुद्राची जलरंगचित्रं पाहून मी गस्तीवरच्या जहाजांचं चित्र करतोय. समुद्र राकसकोप जलाशयाच्या काठावर बसून रेखाटला, जहाजं फोटोंवरून घेतली. पण ती कापून चिकटवल्यासारखी दिसतात, पाण्याची चमकही मळते. – एक वाचक, खानापूर

उत्तर : चूक क्षितिजाची आहे. राकसकोपला समोर दिसतो तो पलीकडचा काठ, आणि तो डोळ्याच्या पातळीखाली असतो. उघड्या समुद्रावर क्षितिज डोळ्याच्याच पातळीला येतं. रॅव्हिलियसने हा समुद्र ‘हायलँडर’ या विनाशिकेवरून पाहिला होता. डेकवर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून ८ मीटर उंच धरा. मग जवळचं असो की लांबचं, प्रत्येक जहाजाला क्षितिज पाणरेषेच्या (जहाज पाण्याला टेकतं ती रेषा) वर ८ मीटरवरच कापणार. १६ मीटर उंच जहाज निम्मं क्षितिजावर, निम्मं खाली. फोटो धक्क्यावरून काढलेला असेल तर हे प्रमाण बिघडतं आणि जहाज हवेत लटकतं. साधारण १० किलोमीटरच्या पुढे मात्र जहाजाचा खालचा भाग क्षितिजाआड बुडू लागतो. तिथे पाणरेषा काढूच नका.

जलाशयावर सराव करायचाच असेल तर अर्धी भरलेली बाटली डोळ्यासमोर धरून वर-खाली करा. पाण्याचा पृष्ठभाग एका रेषेसारखा दिसला की ती तुमची पातळी. क्षितिज तिथे आखा, काठ विसरा.

आता चमक. रॅव्हिलियस लाकडी ठसे कोरणारा होता, म्हणून पांढरं म्हणजे न रंगवलेली जागा ही त्याच्या हाताची सवयच. जलरंगातही तो कागद कोरा सोडतो आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने बारीक, समांतर फटकारे देतो. वरून पांढरा रंग चढवलात तर तो खालचा निळा ओढून घेतो आणि राखाडी होतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) खरखरीत कागद घ्या, ब्रश फडक्यावर टिपा, आडवा धरून ओढा. खानापूरच्या पावसात पहिला थर वाळायला फार वेळ लागतो. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे, आणि त्यावर फटकारा फुटतोच.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या चित्रांत जहाजांवर वेडेवाकडे पट्टे का असतात? – एक वाचक, निपाणी

उत्तर : ते खरोखरच तसे रंगवलेले होते. १९१७ मध्ये सागरी चित्रकार नॉर्मन विल्किन्सनने ही पद्धत मांडली. जहाज लपवायचं नव्हतं, पाणबुडीवाल्याचा दिशेचा अंदाज चुकवायचा होता. चित्रात आधी छाया-प्रकाश पूर्ण करा, पट्टे नंतर. उलट केलंत तर जहाजाची गोलाईच हरवते.