फ्रेंच फुटबॉलपटू निकोलस अनेल्काने इतके क्लब का बदलले?

एका वाक्यात सांगायचे तर त्याच्या पायांना नेहमीच मागणी होती, पण क्लबच्या चौकटीत त्याचे मन फार काळ रमले नाही. आर्सेनलने १९९७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनकडून सुमारे ५ लाख पौंडांत घेतलेला हा मुलगा १९९९ मध्ये रेआल माद्रिदला २ कोटी २० लाखांहून अधिक पौंडांना विकला गेला. माद्रिदमध्ये सरावाला नकार दिल्याने त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली आणि तरीही त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्धच्या दोन्ही लढतींत त्याने गोल केले. त्याची सारी कारकीर्द या एका वर्षात दिसते, असे मला वाटते.

पुढे पुन्हा पॅरिस, उसनवारीवर लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाह्चे आणि बोल्टन असा प्रवास झाला. चेल्सीत मात्र तो जवळपास ४ वर्षे टिकला. २००८ च्या चॅम्पियन्स लीगच्या मॉस्कोतील अंतिम सामन्यात त्याचीच पेनल्टी अडवली गेल्याने चषक हुकला, पण पुढच्याच हंगामात १९ गोल करून तो प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्याला नुसता 'भटका' म्हणणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते.

शांघाय, युव्हेंटस आणि वेस्ट ब्रॉमनंतर २०१४ मध्ये तो मुंबई सिटीकडे आला आणि २०१५ मध्ये तिथे खेळाडू-प्रशिक्षकही झाला.